एकाच छताखाली दोन दारं: अमेरिकेतलं कम्युनिटी कॉलेज आणि तीन विषय



आजच्या विषयाचं नाव ऐकून तुमच्यापैकी काहींना प्रश्न पडला असेल. पॅरालीगल स्टडीज, राज्यशास्त्र आणि मानसशास्त्र हे तीन विषय एका व्याख्यानात कसे काय आले? आणि अमेरिकेतल्या दोन वर्षांच्या कॉलेजांचं आपल्याला काय पडलंय? प्रश्न रास्त आहे. पण मला या तीन विषयांची शेजारी शेजारी मांडणी बघितली की शिक्षणाच्या इतिहासातलं एक जुनं भांडण दिसतं. कोणी काय शिकायचं आणि ते कोण ठरवणार, हे ते भांडण.

आधी चित्र स्पष्ट करून घेऊ. अमेरिकेत आज सुमारे एक हजार कम्युनिटी कॉलेजं आहेत. बहुतेक सरकारी, फी विद्यापीठापेक्षा बरीच कमी, प्रवेशाची अट जवळजवळ नाही, आणि संध्याकाळचेही वर्ग. समजा, दिवसभर एखाद्या दुकानात काम करून एक बाई संध्याकाळी तिथे येते. सोमवारी राज्यशास्त्राचा तास, मंगळवारी मानसशास्त्राचा, बुधवारी पॅरालीगलचा. पॅरालीगल म्हणजे वकिलाच्या देखरेखीखाली कायद्याचं काम करणारा, पण स्वतः वकील नसलेला माणूस. अशिलाकडून माहिती घेणं, कागदपत्रं लावणं, जुने निकाल शोधणं, अर्जांचे मसुदे करणं, हे त्याचं काम.

बाईच्या दृष्टीनं तिन्ही तास सारखेच. तीच इमारत, तीच बाकं. पण कॉलेजच्या दप्तरात तसं नाही. राज्यशास्त्र आणि मानसशास्त्र हे 'ट्रान्सफर'चे विषय. म्हणजे त्यांचे क्रेडिट घेऊन चार वर्षांच्या विद्यापीठात पुढे जाता येतं. पॅरालीगल हा नोकरीचा कोर्स. अशा कोर्सना एके काळी अधिकृत शब्द होता 'टर्मिनल'. आपण मुंबईकर-पुणेकर मंडळी, टर्मिनस म्हटलं की आपल्याला कळतं. शेवटचं स्टेशन. गाडी इथून पुढे जात नाही, उतरा. एकाच छताखाली ही दोन दारं कशी तयार झाली, ते आज बघायचं आहे.

सुरुवात शिकागोपासून करू. विल्यम रेनी हार्पर हे शिकागो विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष. जर्मन विद्यापीठांच्या आदर्शानं भारलेले. खरं विद्यापीठ म्हणजे संशोधन, अशी त्यांची धारणा. मग पहिली दोन वर्षं जे सामान्य शिक्षण द्यावं लागतं त्याचं काय करायचं? त्यांनी विद्यापीठाचे दोन भाग केले, आणि १८९६ पासून खालच्या भागाला 'ज्युनिअर कॉलेज' आणि वरच्याला 'सीनिअर कॉलेज' म्हणू लागले. ज्यांना पुढे जायचं नाही त्यांना दोन वर्षांनी सन्मानानं थांबता यावं, अशीही त्यांची कल्पना होती. आता बघा, दोन्ही दारांचं बी इथेच पडलेलं आहे. ज्युनिअर कॉलेज ही पुढे जाण्याची पायरी आहे आणि थांबण्याची जागाही आहे.

१९०१ मध्ये शिकागोजवळच्या जोलिएट गावातल्या हायस्कूलचे प्रमुख जे. स्टॅन्ली ब्राउन यांनी हार्पर यांच्या प्रेरणेनं हायस्कूलच्याच पुढे दोन वर्षांचं कॉलेजचं शिक्षण सुरू केलं. पहिल्या वर्गात विद्यार्थी किती? सहा. अमेरिकेतलं सर्वात जुनं सरकारी ज्युनिअर कॉलेज ते हेच, आणि ते आजही चालू आहे. मग कॅलिफोर्नियानं १९०७ मध्ये कायदाच केला की हायस्कुलांना कॉलेजची पहिली दोन वर्षं शिकवता येतील. १९१० मध्ये फ्रेस्नोत ते सुरू झालं. फ्रेस्नो हा शेतीचा भाग. तिथल्या शेतकऱ्याच्या मुलीला घरी राहून कॉलेज करता येऊ लागलं, ही काही लहान गोष्ट नव्हे.

इथवर सगळं गोड आहे. पण याच सुमाराला दुसरा वाद पेटला होता. १९१५ मध्ये 'द न्यू रिपब्लिक' या नियतकालिकात दोन माणसं समोरासमोर आली. एका बाजूला डेव्हिड स्नेडन. त्यांचं म्हणणं, बहुसंख्य मुलं शेवटी कामगारच होणार, तर त्यांना कामाचं नेमकं प्रशिक्षण द्या, वेगळ्या शाळांत द्या, वेळ फुकट घालवू नका. दुसऱ्या बाजूला तत्त्वज्ञ जॉन ड्यूई. ड्यूईंचा विरोध हाताच्या कामाला नव्हता, हे लक्षात घ्या. कामातून शिकणं हा तर त्यांच्या विचाराचा गाभा. त्यांचा विरोध होता दोन प्रकारच्या माणसांसाठी दोन प्रकारच्या शाळा काढण्याला. १९१६ च्या 'डेमॉक्रसी अँड एज्युकेशन'मध्ये ते या फाळणीचं मूळ थेट ग्रीकांपर्यंत नेतात. ॲरिस्टॉटलच्या जगात विचार करायला मोकळा असलेला नागरिक वेगळा आणि राबणारा गुलाम वेगळा. तीच विभागणी आपण अभ्यासक्रमात घालून ठेवली आहे, असं ड्यूई सांगत होते. लोकशाहीत ती चालणार नाही, कारण इथे राबणाराच नागरिक आहे.

इथे महाराष्ट्राचा एक धागा आपोआप येतो. १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात ड्यूईंच्या वर्गात भीमराव आंबेडकर बसत होते. जातिव्यवस्था कामं वाटून देण्यावर थांबत नाही, ती काम करणाऱ्या माणसांचेच एकावर एक असे बंद कप्पे करते, हा बाबासाहेबांचा १९३६ मधला युक्तिवाद आपल्याला माहीत आहे. तो त्यांचा स्वतःचा आहे, त्यांच्या अनुभवातून आलेला आहे. पण ड्यूईंचा शाळेबद्दलचा युक्तिवाद त्याच्या शेजारी ठेवून बघा, नातं लगेच दिसतं. आणि १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झालं तेव्हा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावं म्हणून सकाळचे वर्ग ठेवले गेले. नोकरदारांना तिथे हलकं काही शिकवायचं नव्हतं. जे इतरांना तेच त्यांना, फक्त वेळ त्यांच्या सोयीची.

पुन्हा अमेरिकेकडे. ड्यूई वादात जिंकले असं तत्त्वज्ञानाचे लोक म्हणतात. व्यवहारात स्नेडन जिंकले. १९२० मध्ये ज्युनिअर कॉलेजांची राष्ट्रीय संघटना झाली. वॉल्टर क्रॉस्बी ईल्स यांच्यासारखे तिचे पुढारी पुढची दोन दशकं एकच सांगत राहिले की बहुतेक विद्यार्थी विद्यापीठात जात नाहीत, तेव्हा टर्मिनल कोर्स वाढवा. गंमत अशी की विद्यार्थी ते कोर्स घेईनात! त्यांना ट्रान्सफरच हवं होतं. आईबापांनी पोटाला चिमटा काढून पाठवलेलं पोर शेवटच्या स्टेशनचं तिकीट कशाला मागेल?

मग दुसरं महायुद्ध आलं. १९४४ च्या जीआय बिलामुळे सुमारे २२ लाख माजी सैनिक कॉलेजात शिरले. कारखान्यातला, शेतावरचा मुलगा कॉलेजात टिकतो, हे देशानं पाहिलं. अर्थात दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय सैनिकांना त्या कायद्याचा लाभ फारच थोडा मिळाला, हेही नोंदवलं पाहिजे. १९४७ मध्ये अध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगाचा अहवाल यायला लागला. अध्यक्ष होते जॉर्ज झूक. 'कम्युनिटी कॉलेज' हे नाव रूढ झालं ते या अहवालामुळे. शाळेनंतरची पहिली दोन वर्षं विनामूल्य असावीत असं आयोगानं म्हटलं, आणि किमान ४९ टक्के लोकांची चौदा वर्षांचं शिक्षण पुरं करण्याची बौद्धिक कुवत आहे, असा आकडा दिला.

हा आकडा आला कुठून? इथे आपला दुसरा विषय, मानसशास्त्र, दाराआडून पुढे येतो. सैन्यात भरती झालेल्यांची जी वर्गीकरण चाचणी मानसशास्त्रज्ञांनी बनवली होती, तिच्या गुणांवरून हा अंदाज काढला. म्हणजे मानसशास्त्रानं दार उघडलं. पण त्याच मानसशास्त्राच्या चाचण्यांनी दार लावलंही.

१९६० हे वर्ष लक्षात ठेवा. त्या वर्षी कॅलिफोर्नियाचा प्रसिद्ध मास्टर प्लॅन आला. वरचे साडेबारा टक्के विद्यार्थी कॅलिफोर्निया विद्यापीठात, वरच्या एक-तृतीयांशात येणारे स्टेट कॉलेजात, आणि बाकी सगळ्यांना ज्युनिअर कॉलेज खुलं. त्याच वर्षी समाजशास्त्रज्ञ बर्टन क्लार्क यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. त्यांनी सॅन होझे इथल्या ज्युनिअर कॉलेजाचा अभ्यास केला होता. त्यांना दिसलं ते असं. दार सगळ्यांना उघडं आहे. प्रवेशाच्या आधीच चाचणी होते. मग समुपदेशक गुण समोर ठेवून बोलतो. मग कॉलेजची ओळख करून देणारा सक्तीचा कोर्स, तोही समुपदेशकच शिकवतात आणि तिथे स्वतःच्या कुवतीचा अंदाज घ्यायला शिकवलं जातं. मग सुधारणेची सूचना देणारी पत्रं, मग 'प्रोबेशन'. कोणी हाकलत नाही. विद्यार्थी स्वतःच हळूहळू म्हणायला लागतो की मला विद्यापीठ झेपणार नाही, मी दुसरा कोर्स घेतो.

क्लार्क यांनी याला 'कूलिंग आउट' म्हटलं. हा शब्द आला ठकांच्या धंद्यातून. अर्व्हिंग गॉफमन यांनी १९५२ मध्ये त्यावर लिहिलं होतं. सावजाला लुबाडल्यावर त्यानं पोलिसात जाऊ नये म्हणून टोळीतला एक जण मागे थांबून त्याची समजूत काढतो, त्याला थंड करतो. कॉलेज लुबाडतं असं क्लार्क म्हणत नव्हते. लोकशाही सगळ्यांना वर चढायला सांगते आणि वर जागा थोड्या असतात, मग निराशा कुठेतरी मुरवावी लागते, एवढंच त्यांचं निरीक्षण. पण शब्द झोंबला. पुढे १९८९ मध्ये स्टीव्हन ब्रिंट आणि जेरोम काराबेल यांनी 'द डायव्हर्टेड ड्रीम' हे पुस्तक लिहून दाखवलं की विद्यार्थी मागत नसतानाही कॉलेजांच्या नेतृत्वानं नोकरीचे कोर्स कसे पुढे रेटले.

या वादात मला दोन्ही बाजू ऐकाव्याशा वाटतात. १९६० च्या दशकात अमेरिकेत ४५७ नवी सरकारी कम्युनिटी कॉलेजं उघडली. दर आठवड्याला जवळपास एक. तिथे जे आले त्यातले कितीतरी जण एरवी कुठेच गेले नसते. त्यांना नोकरी मिळाली हे खोटं नाही. दार नसण्यापेक्षा दार असणं केव्हाही बरं. प्रश्न आहे आत गेल्यावरच्या भिंतीचा.

आता तिसरा विषय, पॅरालीगल. १९६३ मध्ये गिडियन खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की गंभीर फौजदारी खटल्यातल्या गरीब आरोपीला सरकारनं वकील दिला पाहिजे. पण घरमालक बाहेर काढतोय, घटस्फोट हवाय, सरकारी मदत बंद झालीय, अशा दिवाणी प्रश्नांत तसा हक्क नाही. १९६५ पासून 'गरिबीविरुद्धच्या युद्धा'चा भाग म्हणून सरकारी खर्चानं वस्त्या-वस्त्यांत कायदा मदत केंद्रं निघाली. माणसांची रांग मोठी, वकील थोडे. मग वकील नसलेल्यांना शिकवून कामाला घेतलं गेलं. दुसरीकडे मोठ्या लॉ फर्म्सनाही स्वस्तात काम करून हवं होतं. १९६८ मध्ये अमेरिकन बार असोसिएशननं या सहायकांसाठी खास समिती नेमली, १९७३ मध्ये त्यांच्या शिक्षणाची मार्गदर्शक तत्त्वं ठरली, १९७५ मध्ये पहिल्या कोर्सना मान्यता मिळाली. आणि हे कोर्स चालवायला कोण पुढे आलं? मुख्यतः कम्युनिटी कॉलेजं.

त्या तत्त्वांमधला एक तपशील माझ्या आजच्या बोलण्याचा कणा आहे. मान्यताप्राप्त कोर्ससाठी किमान ६० सेमिस्टर तास लागतात. त्यात किमान १८ तास कायद्याचे खास विषय, आणि किमान १८ तास सामान्य शिक्षण. बारकाईनं बघा, दोन्हींचा किमान आकडा सारखा. वकिलांची संघटना ही काही तत्त्वज्ञांची सभा नव्हे. तरी तिला वाटलं की नुसते फॉर्म भरायला शिकवून हे काम जमणार नाही. आणि ते १८ तास बऱ्याच ठिकाणी भरतात कशानं? राज्यशास्त्रानं, मानसशास्त्रानं.

का लागतात हे विषय? राज्यशास्त्र आधी घेऊ. टेक्सासमध्ये तर सरकारी कॉलेजातून पदवी घेणाऱ्याला सहा तास राज्यशास्त्र कायद्यानंच सक्तीचं आहे, आणि त्यात देशाची आणि टेक्सासची अशा दोन्ही राज्यघटना येतात. नागरिक घडवायचे म्हणून हा नियम. पण पॅरालीगलसाठी ते रोजचं हत्यार आहे. घर खाली करण्याची नोटीस राज्याच्या कायद्याखाली येते, सोशल सिक्युरिटीचा दावा केंद्राच्या. एका खिडकीचं काम दुसऱ्या खिडकीवर नेलं की मुदत टळते. सोशल सिक्युरिटीच्या सुनावणीत तर वकील नसलेल्यालाही अर्जदाराची बाजू मांडता येते. सत्ता कुठे बसते आणि तिच्याशी कुठल्या भाषेत बोलायचं, हे ज्याला कळतं तोच तिथे उपयोगी पडतो.

आणि मानसशास्त्र? १९७४ मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी विद्यार्थ्यांना मोटार अपघातांच्या फिल्म दाखवल्या आणि गाड्यांचा वेग विचारला. प्रश्नात फक्त एक क्रियापद बदललं. गाड्या एकमेकींना 'लागल्या' अशा अर्थाचा सौम्य शब्द वापरला तेव्हा सरासरी उत्तर ताशी सुमारे ३२ मैल, आणि 'चक्काचूर होऊन आदळल्या' अशा अर्थाचा वापरला तेव्हा सुमारे ४१. दुसऱ्या प्रयोगात, नसलेल्या फुटक्या काचा पाहिल्याचं सांगणारेही जास्त निघाले ते जोरदार शब्द ऐकलेल्यांतच. आता विचार करा, अशिलाशी, साक्षीदाराशी पहिल्यांदा सविस्तर बोलणारा माणूस बऱ्याचदा पॅरालीगल असतो. त्यानं प्रश्न कसा विचारला यावर साक्ष बिघडू शकते. जे मानसशास्त्र एकेकाळी या विद्यार्थ्यांना मोजून बाजूला काढायला वापरलं, तेच त्यांच्या हातात ज्ञान म्हणून आलं की दुसऱ्या माणसाचं ऐकायला शिकवतं. विषय तोच. तुम्ही त्याचे विद्यार्थी आहात की त्याचा कच्चा माल, यात सगळा फरक आहे.

भिंत मात्र दोन ठिकाणी शिल्लक राहिली. पहिली कॉलेजात. पॅरालीगलची पदवी अनेक ठिकाणी 'अप्लाइड सायन्स'ची सहयोगी पदवी म्हणून दिली जाते, आणि पुढे विद्यापीठात गेल्यावर तिचे कायद्याचे क्रेडिट बऱ्याचदा धरले जात नाहीत. दोन वर्षं संध्याकाळी खपून शिकलेलं, आणि पलीकडे खिडकीवरचा माणूस म्हणतो, हे चालणार नाही. आजही कम्युनिटी कॉलेजात येणाऱ्या सुमारे ८० टक्के विद्यार्थ्यांना चार वर्षांची पदवी हवी असते. सहा वर्षांत ती मिळते सुमारे १६ टक्क्यांना. क्लार्क यांचा निबंध साठ वर्षांपूर्वीचा, पण प्रश्न निवृत्त झालेला नाही.

दुसरी भिंत धंद्यात. वकील नसलेल्यानं कायदेशीर सल्ला देणं हा अमेरिकेत गुन्हा ठरू शकतो. फ्लोरिडातल्या रोझमेरी फरमन यांची गोष्ट त्या काळी गाजली होती. कायद्याच्या कार्यालयात सेक्रेटरी म्हणून काम केलेली ही बाई साध्या, बिनविरोध घटस्फोटाचे कागद थोड्या पैशांत तयार करून द्यायची. १९७९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं ते बेकायदा ठरवलं, आणि तरी थांबली नाही म्हणून १९८४ मध्ये तिला तुरुंगवासाची शिक्षा झाली. शेवटी गव्हर्नर बॉब ग्रॅहम आणि त्यांच्या मंत्रिमंडळानं ती माफ केली. अर्धवट सल्ल्यानं गरिबाचंच नुकसान होतं, ही वकिलांची भीती अगदीच पोकळ नाही. पण वकील परवडतच नाही त्यानं काय करायचं? २०२२ च्या एका राष्ट्रीय अहवालानुसार अमेरिकेतल्या गरिबांच्या गंभीर दिवाणी प्रश्नांपैकी ९२ टक्के प्रश्नांत पुरेशी किंवा काहीच कायदेशीर मदत मिळत नाही. ॲरिझोनानं २०२१ पासून परीक्षा घेऊन काही ठरावीक कामांसाठी वकील नसलेल्यांना परवाना द्यायला सुरुवात केली. भिंतीला एक खिडकी पडली म्हणायची.

आपल्याकडे काय? १९८७ च्या विधी सेवा कायद्यातून उभ्या राहिलेल्या व्यवस्थेत २००९ पासून 'पॅरालीगल व्हॉलंटिअर' आहेत. गावात कायद्याची माहिती ते पोचवतात. नव्या शैक्षणिक धोरणात एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडायची सोय आहे. हार्पर यांना ही कल्पना ओळखीची वाटली असती. तिचं स्वागत करताना अमेरिकेच्या इतिहासातून एक प्रश्न मात्र उचलून ठेवावा. दोन वर्षांनी जी मुलगी बाहेर पडेल, ती पाच वर्षांनी नोकरी करत करत परत आली तर तिचं शिकलेलं सगळं मोजलं जाईल का? धोरणात क्रेडिटची बँक आहे. त्या बँकेत नोकरीच्या कोर्सचं नाणं चालतं की नाही, हे प्रत्येक विद्यापीठाला विचारायला हवं.

आणि दुसरा प्रश्न अभ्यासक्रम आखणाऱ्यांना. वेळ कमी, नोकरीची घाई, असं म्हणून कौशल्याच्या कोर्समधून सगळ्यात आधी काय कापलं जातं? हेच, राज्यशास्त्र आणि मानसशास्त्रासारखे विषय. 'यांना काय करायचंय ते?' हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. आदरानं सांगतो, ते स्नेडन यांचं वाक्य आहे, १९१५ मधलं. त्यावर तत्त्वज्ञानाचं लांबलचक उत्तर देण्याची गरज नाही. वकिलांच्या संघटनेनं व्यवहार म्हणून ठरवलेले ते १८ तास दाखवावेत आणि कोर्समध्ये तेवढी जागा मागून घ्यावी.

वेळ संपत आली आहे, प्रश्न असतील तर जरूर विचारा.